वादळी रात्री विणकाम आणि मांजरांची सोबत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाहेर वारा घोंगावत असताना, वीजपुरवठा कधी खंडित होईल याचा भरवसा नसताना आणि घरातले मांजर कान टवकारून बसलेले असताना रात्र कशी घालवावी, याविषयी विणकाम करणारी मांजरप्रेमी मंडळी वेळोवेळी जे प्रश्न विचारतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरांमागे अनेक वर्षांचे विणकाम, तीन मांजरांचा सहवास आणि एक जिवावर बेतलेला प्रसंग आहे. त्या प्रसंगामुळेच धाग्याच्या धोक्याविषयीची उत्तरे इतरांपेक्षा मोठी झाली आहेत.

वादळी रात्री विणकाम केल्याने खरोखर काही फरक पडतो का?

पडतो, असा माझा अनुभव आहे. अशा रात्री पावसापेक्षा वाट पाहण्याचा ताण माणसाला अधिक थकवतो: पुढचा गडगडाट कधी, दिवे कधी जातील, दार नीट लागले आहे की नाही. विणकामात हात सतत चालू राहतात आणि मन मात्र अर्धेच गुंतते, त्यामुळे बाहेरच्या आवाजांकडे लक्ष राहते आणि तरीही जीव घाबरा होत नाही. मांजराच्या बाजूने पाहिले तर हा लाभ अधिकच मोठा आहे, कारण विणणारा माणूस तासन्‌तास एका जागी बसतो. घरभर येरझाऱ्या घालणाऱ्या आणि दर पाच मिनिटांनी खिडकीकडे धावणाऱ्या माणसामुळे मांजर अधिक बेचैन होते.

अशा रात्रीसाठी कोणते काम हाती घ्यावे?

ज्यात मोजणी कमी, पुनरावृत्ती जास्त आणि चूक झाली तरी दोन ओळींत सावरता येईल, असे काम घ्यावे. प्रत्येक ओळीत फक्त सुलट टाके घातलेला मफलर किंवा चौकोनी पट्टी यासाठी उत्तम, कारण दोन्ही बाजू सारख्या दिसतात आणि आपण कोणत्या बाजूला आहोत हे आठवावे लागत नाही. जाळीची नक्षी, दोन रंगांची गुंफण, पेडांची वीण किंवा मोज्याची टाच ही कामे दिवसाच्या उजेडासाठी राखून ठेवावीत. गडगडाटाने दचकून एखादा टाका सुटला, तर जाळीच्या नक्षीत तो शोधता शोधता अर्धी रात्र सरते.

लोकर फिकट रंगाची आणि मध्यम जाडीची असावी. काळ्या किंवा गडद निळ्या लोकरीत मंद प्रकाशात टाके एकमेकांत मिसळून जातात आणि डोळे लवकर शिणतात. केसाळ, फुललेली लोकरही टाळावी, कारण तिच्यात टाका दिसत नाही आणि उसवायची वेळ आली तर तिचे तंतू एकमेकांना सोडत नाहीत.

वादळाची सूचना मिळताच, दिवे असतानाच टाके घालून पहिल्या चार-पाच ओळी विणून ठेवाव्यात. सुरुवातीच्या ओळी नेहमी ओढाताणीच्या असतात. पट्टी एकदा बोटाएवढी उंच झाली की पुढचे काम हात आपोआप करतात. लडीचा गुंडाही आधीच करून ठेवावा. उघडी लडी आणि जागे मांजर एका खोलीत असताना अंधार झाला, तर तो गुंता सकाळपर्यंत सुटत नाही.

मांजर असलेल्या घरात दोन सुयांचे विणकाम बरे की क्रोशाचे?

केवळ मांजराचा विचार केला, तर मी क्रोशाला झुकते माप देईन. सुयांवरच्या विणकामात ओळीतला प्रत्येक टाका उघडा असतो. साठ टाक्यांच्या कामातून मांजराने एक सुई ओढून नेली, तर साठही टाके एकदम निराधार होतात. क्रोशाच्या कामात बहुतेक वेळा एकच फास उघडा असतो. मांजराने धागा ओढलाच, तर काही साखळ्या किंवा काही खांब उसवतात आणि बाकीचे काम जागच्या जागी राहते. उठताना तो एक फास थोडा मोठा करून त्यात अडकणारी पिन घातली, की काम सुरक्षित झाले.

तरीही दोन सुयाच आवडत असतील, तर लवचिक तारेने जोडलेली गोल सुई वापरावी आणि तिच्यावर सपाट, उलटसुलट फिरवून विणावे. कामाचे वजन तारेवर येऊन मांडीत राहते, लांब सुयांची टोके हवेत हलत नाहीत आणि त्यामुळे मांजराचे लक्ष तिकडे कमी जाते. हे शेवटचे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. लांब सुईचे हलणारे टोक मांजराला एखाद्या पाखराच्या शेपटीसारखे खुणावते.

वीजपुरवठा गेल्यावर मेणबत्तीच्या उजेडात विणावे का?

विणू नये. जिथे मोकळा धागा, उडी मारणारे मांजर आणि झुळझुळणारी शेपटी एकत्र आहेत, तिथे उघडी ज्योत ठेवणे धोक्याचे आहे. शुद्ध लोकर सहजासहजी पेट घेत नाही. तिला पेटण्यासाठी सुमारे ५७० ते ६०० अंश सेल्सियस इतके तापमान लागते आणि ज्योत दूर केल्यावर ती बहुधा आपोआप विझते. परंतु सुती धागा झटकन पेटतो आणि ॲक्रिलिक वितळून त्वचेला चिकटते. शिवाय मांजराची मिशी आणि शेपटी यांना ही सवलत नसते.

बॅटरीवर चालणारा, गळ्यात अडकवायचा किंवा कपाळावर बांधायचा दिवा सर्वांत सोयीचा असतो, कारण तो मांजराला पाडता येत नाही. प्रकाश थेट डोळ्यांसमोरून न येता खांद्यावरून कामावर पडावा. उजव्या हाताने विणणाऱ्यांनी तो डाव्या खांद्यावरून घेतला, तर हाताची सावली टाक्यांवर पडत नाही. दिव्याचा झोत भिंतीवर फिरू देऊ नये, कारण मांजर त्या ठिपक्यामागे धावत सुटते आणि मग पुन्हा शांत होण्यास वेळ घेते.

दिवाच नसेल तर अंधारात विणता येते का?

सुलट टाके येतात. डाव्या अंगठ्याने पुढचा टाका सुईच्या टोकाकडे सरकवायचा, उजवी सुई आत घालायची, धागा गुंडाळायचा आणि ओढून घ्यायचा; या चारही गोष्टी बोटांना कळतात. दर ओळीच्या शेवटी टाके बोटांनी मोजावेत. एखादी रात्र डोळे मिटून सराव केला, तर खऱ्या अंधारात हात अडखळत नाही. गुळगुळीत धातूच्या सुयांपेक्षा लाकडी किंवा बांबूच्या सुया अशा वेळी अधिक भरवशाच्या, कारण त्यांच्यावरून टाके सहज घसरत नाहीत.

वीज चमकत असताना धातूच्या सुया हातात धरणे धोक्याचे आहे का?

घराच्या आत नाही. लहानशी धातूची वस्तू आकाशातील विजेला आपल्याकडे खेचून घेत नाही. वीज कोठे पडेल हे मुख्यतः उंची, आकार आणि एकाकीपणा यांवर ठरते. घरात खरा धोका असतो तो बाहेरून आत येणाऱ्या तारांचा आणि नळांचा. म्हणून भिंतीला तारेने जोडलेली उपकरणे हाताळू नयेत, धुणे-न्हाणे टाळावे, आणि खुर्ची खिडकीपासून, दारापासून व नळापासून दूर ठेवावी. शेवटचा गडगडाट ऐकू आल्यानंतर ३० मिनिटे हीच काळजी घ्यावी.

वादळ जवळ येत आहे की दूर जात आहे, हे विणता विणता समजू शकते. ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे एक किलोमीटरला साधारण ३ सेकंद. माझ्या हाताने तेवढ्या वेळात दोन सुलट टाके पडतात. त्यामुळे चमक दिसल्यापासून आवाज येईपर्यंत दहा टाके झाले, तर वीज सुमारे पाच किलोमीटरवर पडली असे मी धरते. प्रत्येकाने आपल्या हाताचा वेग आधी घड्याळ लावून पाहावा. टाक्यांची संख्या वाढत गेली की वादळ ओसरत आहे.

मांजर घाबरले आहे हे कसे ओळखावे?

बाहुल्या मोठ्या होतात, कान बाजूला किंवा मागे पडतात, अंग जमिनीलगत येते आणि शेपटी अंगाभोवती घट्ट गुंडाळली जाते. एक खूण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही: मांजराला घाम येतो तो मुख्यतः पंज्यांच्या गाद्यांना, आणि भीतीने तो वाढतो. गुळगुळीत फरशीवर ओल्या पावलांचे छोटे छोटे ठसे दिसले आणि पाणी कोठे सांडलेले नसले, तर मांजर फार घाबरले आहे असे समजावे. तोंड उघडून धापा टाकणे हे अधिक गंभीर लक्षण आहे.

मांजर घुरघुरते आहे म्हणजे ते सुखात आहे, असा निष्कर्ष मात्र काढू नये. दुखत असताना आणि भीती वाटत असतानाही मांजर घुरघुरते.

माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचे स्वर ऐकू येतात, तर मांजराची मजल ६० हजारांच्या पलीकडे जाते. खालच्या, घुमणाऱ्या स्वरांत मांजराचे कान आपल्याहून सरस नाहीत. त्यामुळे दूरच्या गुरगुराटापेक्षा जवळ पडलेल्या विजेचा कडकडाट, काचेची थरथर आणि फटीतून येणाऱ्या वाऱ्याची शीळ हेच त्याला अधिक बोचतात. खिडकीच्या फटीत जुन्या विणकामाची जाड पट्टी दाबून बसवली, तर ती शीळ थांबते. नमुन्यादाखल विणून टाकून दिलेल्या तुकड्यांचा याहून चांगला उपयोग मला ठाऊक नाही.

पलंगाखाली लपलेल्या मांजराला बाहेर काढून मांडीवर घ्यावे का?

नाही. लपणे हा मांजराचा स्वतःला सावरण्याचा मार्ग आहे. नेदरलँड्समध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, प्राण्यांच्या निवाऱ्यात नव्याने आलेल्या ज्या मांजरांना लपण्यासाठी खोके दिले होते, ती खोके न मिळालेल्या मांजरांपेक्षा लवकर स्थिरावली असे आढळले. म्हणून ओढून काढण्याऐवजी लपण्याची जागाच चांगली करावी: पुठ्ठ्याचे खोके आडवे ठेवून आत आपण वापरलेली, न धुतलेली शाल अंथरावी. मग त्या खोक्यापासून हातभर अंतरावर बसून विणत राहावे. सुयांची एकसारखी टकटक आणि ओळखीचा वास यांनी बहुतेक मांजरे अर्ध्या-पाऊण तासात नाक बाहेर काढतात.

पाणी आणि शौचाची पेटी याच खोलीत आणून ठेवावी. माणसांची शामक औषधे किंवा वेदनाशामके मांजराला कधीही देऊ नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळीदेखील मांजराचा जीव घेऊ शकते.

मांजर लोकरीच्या गुंड्याशी खेळते. खेळू द्यावे का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि त्याचे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. गुंड्याशी खेळणारे मांजर चित्रांत फार गोजिरवाणे दिसते, म्हणून या उत्तराने पुष्कळ जण हिरमुसतात.

मांजराच्या जिभेवर घशाच्या दिशेने वळलेले बारीक, टणक काटे असतात. अंग चाटण्यासाठी ते फार उपयोगी, पण त्यांच्यामुळे तोंडात गेलेला धागा मांजराला सहज थुंकता येत नाही. जीभ हलेल तसा तो आणखी आत सरकतो. पुष्कळदा धाग्याचे एक टोक जिभेच्या मुळाशी किंवा जठरातून आतड्यात जाण्याच्या तोंडाशी अडकते आणि उरलेला धागा आतड्यात उतरतो. आतडे आपल्या नेहमीच्या लाटांनी तो पुढे ढकलू पाहते, धागा जागचा हलत नाही, आणि मग ओढलेल्या नाडीवर कापडाला चुण्या पडाव्यात तसे आतडे धाग्यावर गोळा होत जाते. ताणलेला धागा आतड्याची भिंत आतून कापू लागतो. भिंतीला भोक पडले की आतील घाण पोटाच्या पोकळीत पसरते आणि जंतुसंसर्गाने मांजर दगावू शकते.

म्हणून माझ्या घरी एकच नियम आहे: धागा एकतर हातात, नाहीतर झाकणाखाली. गुंडा झाकणाच्या डब्यात किंवा तोंड आवळता येणाऱ्या पिशवीत ठेवावा आणि धागा झाकणाच्या लहान भोकातून बाहेर घ्यावा. पाणी पिण्यासाठी मिनिटभर उठायचे असले, तरी काम डब्यात घालूनच उठावे. कापलेल्या धाग्यांची टोके जमिनीवर टाकू नयेत. ती बंद बरणीत टाकावीत. धागा ओवलेली सुई तर क्षणभरही उघडी ठेवू नये, कारण धाग्यामागोमाग सुईही गिळली जाते.

मांजराने धागा गिळला असल्यास रात्री काय करावे?

तोंडातून किंवा शौचाच्या जागेतून धाग्याचे टोक लोंबताना दिसले, तरी ते ओढू नये आणि कापूही नये. ओढल्याने आत ताणलेला धागा आतडे कापतो आणि कापल्याने टोक आत निसटते. घरगुती उपायांनी उलटी करवू नये. पशुवैद्यकांना लगेच फोन करावा, धागा कसला, किती लांब आणि केव्हा गिळला हे सांगावे, आणि त्यांना विचारल्याशिवाय काही खाऊ घालू नये. गिळून फार वेळ झाला नसेल, तर दुर्बिणीच्या साहाय्याने धागा काढणे काही वेळा शक्य होते. उशीर झाला तर शस्त्रक्रियाच करावी लागते. वादळात फोनची बॅटरी संपू शकते, म्हणून रात्री सेवा देणाऱ्या दवाखान्याचा क्रमांक कागदावर लिहून दाराशी लावून ठेवावा आणि मांजर नेण्याची पेटी हाताशी ठेवावी.

माझ्या करड्या मांजरीच्या बाबतीत मी हे सगळे उशिरा शिकले. अशाच एका रात्री दोनच्या सुमारास दिवे गेले, मी अर्धा झालेला मफलर खुर्चीवर ठेवला आणि पडले. सकाळी गुंडा जागेवर होता, सुयाही होत्या, पण दोहोंमधला धागा नव्हता. तुटलेली दोन्ही टोके ओली आणि चपटी झालेली होती. मांजरी खेळकर दिसत होती, म्हणून मी दिवसभर थांबले. संध्याकाळी तिने दोनदा उलटी केली आणि ती कपाटामागे जाऊन बसली. डॉक्टरांनी तिचे तोंड उघडून जीभ वर उचलली, तेव्हा जिभेच्या मुळाशी निळ्या लोकरीचा एक बारीक फेरा रुतलेला दिसला. शस्त्रक्रियेत निघालेला धागा अर्ध्या मीटरहून थोडा लांब होता. ती वाचली. उलटी, अन्नावरची वासना जाणे, सुस्ती, पोटाला हात लावू न देणे किंवा लपून बसणे यांपैकी काहीही दिसण्याची वाट पाहू नये. धागा गेल्याची शंका हेच दवाखाना गाठण्याचे पुरेसे कारण आहे.

मांजर लोकर नुसती चोखते, गिळत नाही. तेही वाईट का?

नुसते चोखणे, पंज्यांनी मळणे आणि घुरघुरणे ही पिल्लूपणातील सवय काही मांजरांत मोठेपणीही राहते. सयामी आणि बर्मन जातींत ती अधिक आढळते. वादळात ही सवय उफाळून येऊ शकते. मात्र चोखण्यावरून चावण्यावर आणि चावण्यावरून खाण्यावर जाण्यास वेळ लागत नाही. घोंगडीला कुरतडलेली भोके दिसू लागली, तर लोकर त्याच्या आवाक्यातून काढावी आणि पशुवैद्यकांचा सल्ला घ्यावा.

मांजराचे लक्ष धाग्यावरून हटवण्यासाठी काय करावे?

विणायला बसण्याआधी त्याच्याशी दहा-पंधरा मिनिटे मनापासून खेळावे आणि खेळ संपताच त्याला खाऊ घालावे. शिकार, जेवण, अंग चाटणे आणि झोप हा मांजराचा ठरलेला क्रम आहे. तो पुरा झाला की ते बहुधा तास-दोन तास झोपते. मांजर दिवेलागणीला आणि पहाटे अधिक चपळ असते, म्हणून वादळ संध्याकाळी येणार असेल तर हा खेळ चुकवू नये.

मांजरासाठी काय विणता येईल?

अंथरूण हे सर्वांत सोपे. जाड लोकरीत सुमारे ४० सेंटीमीटरचा चौकोन घट्ट विणावा, कारण सैल विणीत नखे अडकतात आणि घाबरलेले मांजर पंजा सोडवताना स्वतःला इजा करून घेते. शुद्ध लोकरीचा तुकडा गरम, साबणाच्या पाण्यात चोळून आटवला, तर टाके एकमेकांत मिसळून त्याचे नमद्यासारखे दाट कापड होते आणि नख अडकण्याचा प्रश्नच राहत नाही. यंत्रात धुण्याजोगी प्रक्रिया केलेली लोकर मात्र अशी आटत नाही.

क्रोशाचा घट्ट चेंडूही चांगला. तो अक्रोडाहून मोठा असावा, आत कापसाऐवजी जुन्या कापडाचा एकसंध बोळा भरावा आणि धाग्याची टोके आत खोलवर ओवून टाकावीत. मणी, बटणे, लोंबते गोंडे आणि लांब शेपट्या लावू नयेत. चेंडू उसवू लागला की तो लगेच काढून घ्यावा.

मांजर मांडीवर येऊन कामावरच झोपले तर?

सुया सावकाश बाजूला काढून काम थांबवावे. वादळी रात्री मांजर स्वतः होऊन मांडीवर आले, याहून मोलाची गोष्ट त्या रात्री दुसरी घडणार नाही, आणि मफलर एक दिवस उशिरा झाला तर काही बिघडत नाही. पुन्हा विणायचेच असेल, तर मांडीवर उशी घेऊन तिच्यावर मांजर आणि उशीच्या वरच्या कडेवर हात, अशी बैठक जमवता येते.

मांजराने ओढल्यामुळे टाके सुटले. काम वाचेल का?

बहुधा वाचते. प्रथम काम सपाट पसरावे आणि ताण देऊ नये. सुटलेल्या टाक्यांतून बोथट सुईने वेगळ्या रंगाचा गुळगुळीत सुती धागा ओवून घ्यावा, म्हणजे ते आणखी खाली घसरत नाहीत. उजेड झाल्यावर सुई त्याच धाग्याच्या वाटेने परत घालावी. एकच टाका काही ओळी खाली घसरला असेल, तर क्रोशाच्या सुईने तो पायरी-पायरीने वर उचलता येतो. चावलेला किंवा ओला झालेला धागा कापून टाकावा, आणि कापलेला तुकडा उरलेल्या दुसऱ्या टोकाशी जुळवून मधला भाग कमी झालेला नाही ना, हे नक्की पाहावे.

लोकरीला कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या ठेवाव्यात का?

मांजर असलेल्या घरात ठेवू नयेत. त्यांतील नॅप्थलीन मांजराला विषारी असते. लोकर स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली की पुरते.

मध्यरात्री वादळ ओसरले. झोपण्यापूर्वी काय पाहावे?

सुया मोजाव्यात; दोन असोत वा पाच, जितक्या काढल्या तितक्या परत गेल्या पाहिजेत. टाके मोजायच्या खुणा, पिना आणि कात्री त्यांच्या डबीत घालावीत. दिवा जमिनीलगत धरून खुर्चीभोवती एकदा फिरवावा, म्हणजे पडलेले धाग्याचे तुकडे सावली टाकतात आणि दिसतात. एखादी खिडकी वाऱ्याने उघडली किंवा काच फुटली नाही ना, हे पाहिल्याशिवाय मांजराला दुसऱ्या खोलीत सोडू नये. मग मांजरे मोजावीत. एखादे अजून खोक्यातच असेल, तर त्याला तिथेच राहू द्यावे, पाण्याची वाटी खोक्याजवळ सरकवावी आणि खोलीचे दार त्याच्यासाठी किलकिले ठेवावे.